काडेपेटी, नाणेघाट आणि अंतराळातली रसद

अंतराळयुद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? निळे-हिरवे लेझर, धडाधड स्फोट आणि गर्रकन वळणारी लढाऊ यानं! अंतराळात आवाज ऐकू येत नाही आणि हवा नसताना यान असं वळू शकत नाही, हे फिजिक्सच्या पहिल्या युनिटमध्ये शिकूनही आपण ते आनंदानं बघतो. पण त्या यानांना इंधन कोण पोचवतं? दारूगोळा संपला की नवा कुठून येतो? फुटलेलं जहाज कोण दुरुस्त करतं? हे पडद्यावर सहसा दिसत नाही. हा लेख त्या न दिसणाऱ्या जहाजांबद्दल आहे. मालवाहू, टँकर, दुरुस्तीचं आणि कान लावून बसणारं. हॉस्टेलमध्ये आम्ही जो अंतराळयुद्धाचा खेळ खेळतो, त्यासाठी ही जहाजं कशी डिझाइन करायची हे यात सांगितलं आहे. वाचून कोणालाही संध्याकाळी खेळायला बसता यावं, अशी अपेक्षा आहे.

आधी खेळ काय आहे ते

असे खेळ परदेशात बरेच जुने आहेत. अमेरिकेत १९७९ मध्ये 'स्टार फ्लीट बॅटल्स' नावाचा खेळ निघाला, षटकोनी घरांच्या नकाशावर पुठ्ठ्याच्या सोंगट्यांनी खेळायचा. नव्वदीच्या दशकात इंग्लंडमधून 'फुल थ्रस्ट' आला. त्यात खेळाडूनं स्वतःचं जहाज कागदावर डिझाइन करायचं असतं. विकतचे खेळ आपल्या खिशाला परवडणारे नाहीत. पण मूळ कल्पना फुकट आहे, आणि ड्रॉइंग शीट, मिनीड्राफ्टर आणि रिकाम्या वेळेचा आपल्याकडे तुटवडा नाही. (सबमिशनचे पंधरा दिवस सोडून.)

ड्रॉइंग शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूला अडीच सेंटिमीटरची षटकोनी घरं आखा. सोंगट्यांसाठी जुन्या फायलींचे पुठ्ठे चालतील. नियम एकच लक्षात ठेवायचा, न्यूटनचा पहिला. जहाजाला एकदा गती मिळाली की ते त्याच दिशेनं त्याच गतीनं जात राहतं. गती ५ असेल तर प्रत्येक चालीला ५ घरं. कमी-जास्त करायची किंवा वळायचं तर इंजिन लावावं लागतं. एका चालीत गती जेवढ्यानं बदलता येते, त्याला थ्रस्ट म्हणायचं.

आता नुसती लढाऊ जहाजं घेऊन हा खेळ खेळून बघा. दोन्ही बाजू समोरासमोर येतात, फासे पडतात, ज्याचे सहा जास्त तो जिंकतो. अर्ध्या तासात सगळे परत मेसच्या रांगेत. कारण त्या लढाईला कारणच नसतं! त्याच जागी का लढायचं? जरा बाजूनं निघून का जायचं नाही? याचं उत्तर लढाऊ जहाजाकडे नाही. ते मालवाहू जहाजाकडे आहे. त्याला कुठून तरी निघून कुठे तरी पोचायचं असतं, आणि म्हणून लढाईला जागा आणि वेळ मिळते.

जहाज म्हणजे वजनाचं बजेट

डिझाइनची पद्धत सोपी आहे. जहाजाचं एकूण वजन ठरवायचं आणि ते वाटून टाकायचं. आमचे दर असे:

इंजिन: प्रत्येक १ थ्रस्टसाठी एकूण वजनाच्या ५ टक्के.
लांब उडीचं इंजिन, म्हणजे एका सूर्यमालेतून दुसरीत जायला: १० टक्के.
सांगाडा: कमीत कमी १० टक्के, मजबूत हवा असेल तर ३० टक्क्यांपर्यंत. सांगाड्याचं जेवढं वजन, तेवढे मार जहाज सोसतं.
उरलेल्या वजनात तोफा, चिलखत, कोठार, क्रेन, पंप, जे हवं ते.

६० वजनाचं लढाऊ जहाज घ्या. थ्रस्ट ४ म्हणजे इंजिन १२. उडीचं इंजिन ६. मजबूत सांगाडा १८. उरले २४, ते सगळे तोफा आणि चिलखतात.

आता १०० वजनाचं मालवाहू जहाज. थ्रस्ट २ म्हणजे इंजिन १०, उडीचं इंजिन १०, सांगाडा १०. क्रेन आणि पंप ६. एक छोटी तोफ ४, ती मनाच्या समाधानासाठी. उरलेलं ६० वजन कोठाराचं, म्हणजे मालाचं.

किंमत काढताना तोफा-चिलखताला दर वजनामागे ३ गुण आणि बाकी सामानाला १ गुण धरायचा. कोठार फुकट, कारण पोकळ जागेला पैसे पडत नाहीत, भरायला पडतात. हिशोब केला तर लढाऊ जहाज १०८ गुणांचं होतं आणि मालवाहू ४८ चं. म्हणजे एका लढाऊ जहाजाच्या पैशात दोन मालवाहू येऊन वर सुटे उरतात.

नवीन खेळाडू इथेच मोहात पडतो. 'कोठार थोडं कमी करून अजून दोन तोफा बसवू का?' बसवा, पण मग ते ना धड मालवाहू ना धड लढाऊ. माल कमी नेल्यामुळे फेऱ्या वाढतात, आणि तोफा लढाऊ जहाजापुढे टिकत नाहीत त्या नाहीतच. मालवाहू जहाज म्हणजे दुबळं लढाऊ जहाज नव्हे. ते वेगळंच जनावर आहे. बैल आणि घोडा यांची जशी तुलना करत नाहीत, तशी यांचीही करू नये.

भरलेलं आणि रिकामं

आता खरी गंमत. मंचरला हायवेच्या कडेला चहा पीत उभं राहिलात की येणारा ट्रक भरलेला आहे की रिकामा, हे ताडपत्री न उघडता कळतं. भरलेल्या गाडीचे पाटे दबलेले असतात, इंजिनाचा आवाज जड असतो आणि गाडी हलायला वेळ लागतो. रिकामी गाडी उड्या मारत जाते. इंजिन तेच, ओढायचं वजन वेगळं. बळ म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. दहावीत पाठ केलेलं समीकरण हायवेवर आयतं चालताना दिसतं!

खेळात हेच आणायचं. म्हणून मालवाहू जहाजाचा थ्रस्ट कायमचा लिहून ठेवायचा नाही. प्रत्येक वेळी काढायचा:

थ्रस्ट = इंजिनाचं वजन × २० ÷ त्या वेळचं एकूण वजन. अपूर्णांक सोडून द्यायचा.

भरलेलं असताना १० × २० ÷ १०० = २. माल उतरवला की वजन राहिलं ४०. मग १० × २० ÷ ४० = ५! म्हणजे रिकामं मालवाहू जहाज थ्रस्ट ४ च्या लढाऊ जहाजालाही मागे टाकतं. बऱ्याच जणांना हे आधी पटत नाही. कॅल्क्युलेटर काढल्यावर पटतं.

आता सोंगटीचा प्रश्न. मालवाहू जहाजासाठी पुठ्ठा वापरायचा नाही. रिकामी काडेपेटी वापरायची. एक काडी म्हणजे २ वजनाचा माल. पेटीत ३० काड्या म्हणजे जहाज पूर्ण भरलेलं. पेटी बंद! आत ३० काड्या आहेत की एकही नाही, हे समोरच्याला दिसत नाही. मात्र तुम्ही ज्या चालीला थ्रस्ट ३ लावाल, त्या चालीला त्याला कळेल की पेटी निम्मी तरी रिकामी आहे. १३ पेक्षा जास्त काड्या असतील तर ३ मिळूच शकत नाही, स्वतः करून बघा. म्हणून रिकामी पेटी मुद्दाम जड चालीनं, थ्रस्ट २ नं चालवून समोरच्याला हूल देता येते. उलटं मात्र जमत नाही. भरलेली पेटी हलकी असल्याचं सोंग आणू शकत नाही. निसर्गाचे नियम खोटं बोलायला एकाच बाजूनं परवानगी देतात.

संकटात माल टाकून पळता येतं. पण किती टाकायचा? निम्मा माल, म्हणजे १५ काड्या टाकल्या तर वजन ७० आणि थ्रस्ट पुन्हा २ च! काहीच फायदा नाही. थ्रस्ट ३ हवा तर १७ काड्या टाकाव्या लागतात आणि ४ हवा तर २५. म्हणजे थोडंसं पाणी सोडून भागत नाही. टाकायचं तर मन घट्ट करून टाकायचं, नाहीतर तसंच दामटत राहायचं.

माळशेजचा उतार

आपल्याकडचा टोमॅटो कसा जातो ते आठवा. नारायणगावच्या बाजारात २०-२० किलोचे क्रेट भरले जातात आणि गाड्या वेगवेगळ्या दिशांना सुटतात. कल्याण-मुंबईकडे जायला ओतूरवरून माळशेज घाट. या दिशेला भरलेली गाडी उतरते आणि रिकामे क्रेट घेऊन चढते. वाटतं, बरं झालं, चढताना ओझं नाही! पण ड्रायव्हरला विचारा. भरलेली गाडी चढवण्यापेक्षा उतरवणं जास्त जोखमीचं, कारण ती थांबवायची कशी हा प्रश्न असतो. म्हणून लहान गिअर टाकून, ब्रेक तापू न देता हळूहळू उतरायचं.

अंतराळात तर सगळाच माळशेजचा उतार! घर्षण नाही, म्हणजे आपोआप काही थांबत नाही. जेवढ्या कष्टानं वेग घेतला, तेवढ्याच कष्टानं तो घालवायचा. गती ८ नं येणारं लढाऊ जहाज थ्रस्ट ४ नं आधी गती ४ वर येतं, मग ० वर. एकूण ४ घरांत थांबलं. भरलेलं मालवाहू जहाज ६, ४, २, ० असं उतरत येतं आणि १२ घरं खातं. म्हणजे बंदराच्या १२ घरं अलीकडे त्यानं ब्रेक लावायला सुरुवात केलीच पाहिजे. शत्रूलाही हे माहीत असतं! त्यामुळे दबा धरून बसायची उत्तम जागा वाटेच्या मध्यावर नसते. ती बंदराच्या अलीकडे असते, जिथे जहाज मंदावलेलं, पण पोचलेलं नसतं.

नाणेघाट: नकाशा कसा आखावा

जागेचा विषय निघाला की जुन्नरच्या माणसानं परग्रहावर जायची गरज नाही. नाणेघाट बघावा. कोकणातल्या कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून देशावर यायची ही सातवाहन काळातली वाट. घाटमाथ्यावरच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानांची यादी आहे, गाई, घोडे, हत्ती आणि नाणी आकड्यांसह. आपल्या देशातल्या अंकचिन्हांच्या सर्वात जुन्या नमुन्यांत त्या आकड्यांची गणना होते. माथ्यावरच दगडी रांजण आहे. जाणाऱ्या-येणाऱ्या तांड्यांची जकात त्यात टाकत असं सांगतात.

आता इंजिनिअरच्या नजरेनं बघा. सह्याद्रीची भिंत सरळ उभी, तिला एक चिंचोळी खाच. माल येणार तो तिथूनच. म्हणून खाचेच्या अगदी डोक्यावर जीवधन, आणि पुढे जुन्नरपर्यंत चावंड, हडसर, शिवनेरी. किल्ले डोंगरावर आहेत खरे, पण ते उभे आहेत वाटेसाठी.

आमच्या नकाशातही अशीच एक 'खाच' असते. दोन सूर्यमालांमधली उडी फक्त त्या एका घरात मारता येते. त्या घराचं नाव अर्थातच नाणेघाट. जो तिथे उभा, त्याला प्रत्येक जहाजामागे जकात. पलीकडचं बंदर 'कल्याण', अलीकडचं 'जुन्नर', आणि वाटेवर दोन स्टेशनं.

या स्टेशनांसाठी एक नियम शिवनेरीवरून घेतला. गडावर गेलात की गंगा-जमुना टाकी आणि अंबरखाना दिसतो. अंबरखाना म्हणजे धान्याचं कोठार. जीवधनवरही दगडी कोठार आहे. चावंडवर पाण्याची सात टाकी ओळीत आहेत. तटबंदी कितीही जाड असो, पाणी आणि धान्य संपलं की किल्ला पडतो. म्हणून खेळात प्रत्येक स्टेशनला दर चालीला एक काडी लागते. काड्या संपल्या की स्टेशनच्या तोफा गप्प. आता मालवाहू जहाजं अडवणाऱ्याला स्टेशनवर एकही गोळा टाकायची गरज उरली नाही!

हे तंत्र या मुलखाला नवं नाही. निजामशाहीच्या मलिक अंबरनं मुघल फौजांना असंच हैराण केलं. समोरासमोर भिडायचं टाळायचं आणि रसद तोडायची. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये रात्री जुन्नरवर छापा घातला, तेव्हाही लक्ष्य मुघलांचा खजिना आणि घोडे हेच होतं. सैन्य हरवण्याआधी ते कशावर उभं आहे ते बघायचं.

टँकर

उन्हाळ्यात हॉस्टेलच्या गेटवर पाण्याचा टँकर आला की काय धावपळ होते, ते सर्वांना माहीत आहे. खेळातल्या टँकरचं महत्त्व समजायला तेवढा अनुभव पुरेसा आहे.

आमच्या लढाऊ जहाजाच्या टाकीत १२ इंधन असतं आणि गती १ नं बदलायला १ इंधन जातं. गती ६ घ्यायला ६, थांबायला ६. टाकी रिकामी! जाता आलं, परत यायचं कसं? टाकी मोठी करावी म्हटलं तर ते इंधनही वाहून न्यायला इंधन लागतं. रशियाच्या त्सिओल्कोव्हस्कीनं १९०३ मध्ये याचं समीकरण प्रसिद्ध केलं. त्याचा अर्थ असा. यानाच्या एकूण वजनात निम्मं इंधन असेल तर एक ठरावीक वेग मिळतो. त्याच्या दुप्पट वेग हवा तर तीन चतुर्थांश वजन इंधनाचं लागतं. तिप्पट हवा तर सात अष्टमांश! माणसं आणि सामान उरलेल्या एका अष्टमांशात बसवा. त्यापेक्षा वाटेत टाकी भरणं केव्हाही शहाणपणाचं. सोव्हिएत संघाचं 'प्रोग्रेस-१' हे मालवाहू यान जानेवारी १९७८ मध्ये सॅल्यूत-६ स्थानकाला सामान आणि इंधन घेऊन गेलं. प्रोग्रेस मालिकेतल्या यानांनी पुढे अनेक दशकं हेच काम केलं.

आपल्या नौदलाचं उदाहरण तर सर्वांनी लक्षात ठेवावं असं आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. त्याचं नाव ऑपरेशन ट्रायडेंट. या नौका चपळ, पण पल्ला कमी. त्यांच्याबरोबर किल्तान आणि कच्छल ही दोन जहाजं होती आणि एक टँकरही होता. त्याचं नाव 'पोषक'. तीन नौकांची नावं पुष्कळांना पाठ असतात. चौथं सांगणारा क्वचित भेटतो.

खेळातला नियम: इंधन द्यायचं तर टँकर आणि घेणारं जहाज एकाच घरात, एकाच गतीनं आणि एकाच दिशेनं हवं. त्या चालीत दोघांनीही तोफ डागायची नाही आणि वळायचं नाही. त्यामुळे 'टाकी कधी भरायची' हा खेळातला सर्वात नाजूक निर्णय होतो.

खोडदचे कान

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्या. त्यातल्या १४ साधारण एक किलोमीटरच्या परिसरात, बाकी १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फांद्यांवर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. त्या एवढ्या लांब लांब का ठेवल्या? कारण दोन अँटेनांमधलं अंतर जेवढं जास्त, तेवढं आकाशातलं बारीक दिसतं. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा अतिशय क्षीण सिग्नल खोडदला ऐकला गेला. यान शेवटी आदळलं. पण ते उतरत असताना त्याच्याकडे कान लावून बसलेले आपल्या शेजारच्या गावात होते!

यावरून आम्ही 'कान' नावाचं छोटं जहाज केलं. वजन ३०, तोफ एकही नाही. एकटं असेल तर २० घरांच्या आतलं जहाज आहे एवढंच सांगतं. पण दोन कान एकमेकांपासून ६ किंवा जास्त घरं लांब असतील तर समोरच्याची एक काडेपेटी उघडून बघता येते. जवळजवळ असतील तर नाही. शिवाय ज्या चालीला कान स्वतःचं इंजिन लावतं, त्या चालीला त्याला ऐकू येत नाही. खोडदच्या परिसरात मोबाइल आणि इतर रेडिओ गोंगाटाचा त्रास कसा होतो, हे तिथल्या विज्ञानदिनाच्या प्रदर्शनाला गेलेल्यांना माहीत असेलच.

दुरुस्तीचं जहाज आणि तमाशाचा फड

नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. आपल्याला स्टेजवरचे कलावंत दिसतात. फडाचे ट्रक मात्र स्टेज, कनात, जनरेटर, दिवे, पेट्या आणि स्वयंपाकाची भांडी यांनी भरलेले असतात. आज या गावात, उद्या त्या गावात. जनरेटरवाला आजारी पडला तर त्या रात्री वग होत नाही.

आमचं दुरुस्तीचं जहाज म्हणजे हा जनरेटरवाला. ८० वजनाचं, थ्रस्ट २. शेजारी उभ्या असलेल्या जहाजाचे दर चालीला २ मार भरून काढतं. पण प्रत्येक माराला एक काडी स्पेअर पार्ट म्हणून लागते. ती काडी कुठून येणार? मालवाहू जहाजातूनच! सगळे धागे शेवटी काडेपेटीपाशी येतात.

डाव कसा रंगतो

नाणेघाटचा डाव असा मांडा. बचाव करणाऱ्याकडे तीन काडेपेट्या आणि ६० काड्या. कशा वाटायच्या ते त्याचं त्यानं ठरवायचं. सोबत दोन लढाऊ जहाजं. हल्ला करणाऱ्याकडे तीन लढाऊ जहाजं आणि दोन कान. जुन्नरला पोचलेल्या प्रत्येक काडीला ४ गुण, म्हणजे पूर्ण भरलेल्या पेटीचे १२०. एका लढाऊ जहाजाची किंमत १०८ होती हे आठवतंय ना? म्हणजे भरलेली एक पेटी वाचवायला लढाऊ जहाज गमावलं तरी सौदा फायद्याचा.

मागच्या सेमिस्टरला आमच्या सिव्हिलच्या मित्रानं ३०-३०-० अशी वाटणी केली. रिकामी पेटी दोन्ही लढाऊ जहाजांच्या मधोमध, नवरदेवासारखी. मेकॅनिकलवाला तिच्यावर तुटून पडला. पाचव्या चालीला त्याचे दोन्ही कान पुरेसे लांब गेले, पेटी उघडली, आत काहीच नाही! मग तो उरलेल्यांच्या मागे वळला आणि एका भरलेल्या पेटीला त्यानं जुन्नरच्या वाटेवर गाठलंच. ती गती ६ नं सरळ बंदराकडे चालली होती. सिव्हिलवाल्यानं शांतपणे २५ काड्या बाहेर टाकल्या, थ्रस्ट ४ मिळाला आणि जहाज बाजूला काढलं.

'माल गेला,' असं सगळे म्हणाले. तो म्हणाला, 'गेला कुठे? न्यूटनला विचारा.' टाकलेल्या काड्यांची गती ६ च होती आणि दिशाही जुन्नरची! त्या स्वतःहून बंदराकडे चालल्या होत्या. त्यावर अर्धा तास वाद झाला. व्हायवालासुद्धा आम्ही एवढे मुद्दे मांडत नाही. शेवटी नियम ठरला. टाकलेला माल त्याच गतीनं त्याच दिशेनं जात राहतो. गती ६ पर्यंत असेल तर बंदराची क्रेन तो पकडू शकते. शत्रूलाही पकडता येतो, पण त्याच्याकडे क्रेन हवी आणि त्यानं गती जुळवायला हवी. मेकॅनिकलवाल्याच्या एकाही जहाजावर क्रेन नव्हती. सगळं वजन तोफांत गेलं होतं. त्या रात्री २५ च्या २५ काड्या जुन्नरला पोचल्या.

हा डाव इथे मुद्दाम सांगितला, कारण त्यात निर्णायक गोष्ट तोफ नव्हती. ६ वजनाची क्रेन होती.

खऱ्या युद्धातही असंच घडतं, फक्त तिथे काड्या नसतात, माणसं असतात. १९८२ च्या फॉकलंड युद्धात २५ मे ला अर्जेंटिनाच्या क्षेपणास्त्रांनी ब्रिटिशांचं 'अटलांटिक कन्व्हेयर' जहाज पेटवलं. ती युद्धनौका नव्हती, साधं कंटेनर वाहणारं जहाज होतं. त्यावरची १२ माणसं गेली. तीन चिनूक हेलिकॉप्टर्सही गेली. ज्या सैनिकांना त्या हेलिकॉप्टर्सनी पुढे न्यायचं होतं, त्यांना पाठीवर ओझं घेऊन बेटावरून दिवसचे दिवस पायी चालावं लागलं. एक मालवाहू जहाज बुडालं आणि अख्ख्या मोहिमेचं वेळापत्रक बदललं.

डिझाइन करताना विचारायचे पाच प्रश्न

नवीन सहाय्यक जहाज आखताना आम्ही कागदाच्या कोपऱ्यात पाच प्रश्न लिहितो. ते इथे देतो.

एक, हे जहाज नसेल तर कोणाचं काय अडतं? उत्तर नसेल तर जहाज नको.
दोन, भरलेलं असताना आणि रिकामं असताना ते वेगळं वागतं का?
तीन, काम करताना ते कुठे थांबतं, आणि तेव्हा त्याला कोण मारू शकतं?
चार, समोरच्याला त्याच्याबद्दल काय दिसतं आणि काय नाही?
पाच, ते गमावल्यावर खेळ लगेच संपतो का? संपत असेल तर एकाऐवजी दोन लहान करा.

लोड, क्षमता, थांबण्याचं अंतर, माहिती आणि पर्यायी सोय. नीट बघितलंत तर हे पाच प्रश्न पूल, पंप किंवा सर्व्हर डिझाइन करतानाही चालतात. आपल्यापैकी फार थोडे जण रॉकेट बनवतील. बरेच जण कुठे तरी पाणी, वीज, माल किंवा माहिती वेळेवर पोचवण्याच्या कामाला लागतील. ते काम नीट चालू असताना कोणाला दिसत नाही. सकाळी सातला मेसचा चहा तयार असतो, तेव्हा दूध पहाटे कोणी आणलं हे आपण विचारत नाही. ज्या दिवशी दूधवाला येत नाही, त्या दिवशी मात्र अख्ख्या हॉस्टेलला कळतं!

खेळायचं असेल तर ड्रॉइंग शीट, दोन फासे आणि तीन काडेपेट्या घेऊन बसा. मेसच्या काकांकडून रिकाम्या काडेपेट्या मिळतात. काड्या मात्र वापरलेल्या घ्या. वॉर्डन सरांना भरलेल्या काडेपेट्यांचा अंतराळाशी काय संबंध, हे समजावून सांगणं थ्रस्टच्या समीकरणापेक्षा अवघड आहे.